कुणाच्या सुतकातले आम्ही

माझ्या मोठ्या मुलीची सुपारी फुटली त्या दिवशी पंगतीत मी चार गोष्टी सांगितल्या आणि चारही वेळा लोक हसले. पाचवीसाठी तोंड उघडलं ते तसंच उघडं राहिलं. नवऱ्यामुलाचा चुलत आजा, तोंडात एकही दात नसलेला, तोवर भाताशी झगडत बसलेला म्हातारा, एकदम मान वर करून म्हणाला, "तुझ्या बापाचं नाव काय म्हणालास?"

मी नाव सांगितलं.

"मुरुडच्या अंगाचा? मचव्यावर तांडेल व्हता तो?"

"व्हय, तोच!" मी म्हणालो. मला वाटलं, आता बापाची तारीफ ऐकायला मिळणार. माझी कुणी करत नाही, निदान बापाची.

म्हाताऱ्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. "मग ही सोयरीक व्हायची न्हाय. तुम्ही आमच्या सुतकातले."

पंगत गप्प झाली. माझ्या पाच गोष्टींनी झाली नसती एवढी.

आमच्या कोळ्यांत हे साधं असतं. ज्याच्या घरी माणूस मेलं की आपल्यालाही सुतक लागतं, ज्याच्या दहाव्याला आपण डोकं भादरतो, तो आपला भाऊबंद. आणि भाऊबंदाच्या घरी मुलगी द्यायची म्हणजे बहीण भावाला द्यायची. नबाबाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती, मुरुडला एस.टी. यायला लागली होती, पण ह्या गोष्टीत काही बदल नव्हता.

"आपला काय संबंध, म्हातारबा?" मी विचारलं. "तुम्ही हरिहरेश्वराकडचे, आम्ही इकडचे. मध्ये दोन खाड्या."

"माझा थोरला भाऊ गेला," म्हातारा म्हणाला, "त्याच्या दहाव्याला तुझ्या घरातला एक जण खाडीवर येऊन डोकं भादरून बसला व्हता. आम्ही निरोप धाडला नव्हता. आपणहून आला. मी इचारलं, कुणाचा रे तू? तर त्यानं तुझ्या बापाचं नाव घेतलं, तुझ्या गावाचं नाव घेतलं. परका माणूस परक्याच्या मयताला केस देतो काय?"

"न्हाय देत," म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. सगळ्यांत जोरात मीच हलवली.

"आणि जेवला किती! तीन वेळा भात मागितला. आम्ही म्हटलं, बिचारा दुःखानं दहा दिवस उपाशी असंल."

इथं माझ्या डोक्यात काहीतरी हलायला पाहिजे होतं. हललं नाही. हे डोकं नुसतं भादरायच्या कामाचं, ते पुढं येईलच.

त्यांच्या कोळीवाड्याचे पाटील बरोबर आले होते. त्यांनी निवाडा केला की आठ दिवसांनी दोन्ही घरांनी आपापल्या पिढ्या घेऊन त्यांच्या गावी बसायचं. मूळ एक निघालं तर सुपारी परत. तोवर हळद दळायची नाही.

मोठी दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. कळशी खाली ठेवली नाही, आत गेली नाही, तशीच उभी. तिनं आणि त्या मुलानं हरिहरेश्वराच्या जत्रेत एकमेकांना दोनदा पाहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा कुणाला न सांगता. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. सुपारी परत आलेल्या मुलीबद्दल लोक आधी विचारतात, काय झालं होतं? आणि इथं उत्तर काय, तर भावाशी लग्न लावत होते. मग तिला कोण करणार? जन्मभर ती माझ्या घरात बोंबील वाळवत बसली असती आणि मी तिच्यासमोर गोष्टी सांगत बसलो असतो.

सोयरे होडीत बसले तशी बायको म्हणाली, "अवो, आठ दिवस ह्या तोंडाला टाका घाला. जिथं जाल तिथं नुसतं इचारा. सांगू नका काय."

विचारायचं ठीक, पण लक्षात कोण ठेवणार? मला अक्षर येत नाही. शाळेत मी एकच दिवस गेलो होतो, तोही मास्तरांना म्हावरं द्यायला. धाकटी मात्र तिसरीत होती. तिनं वाण्याच्या पुड्याचा कागद उलगडून सपाट केला, पेन्सिल जिभेला लावली आणि माझ्यासमोर फौजदारासारखी बसली.

"बा, तुझा बा?"

सांगितला.

"त्याचा बा?"

तोही सांगितला.

"त्याचा?"

"तो म्हातारा व्हता."

"म्हातारा हे काय नाव हाय?"

"सगळे तेच म्हणायचे त्याला."

तिनं तिथं काट मारली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत न जाताच नापास झाल्यासारखं वाटलं.

माझा भाऊ मुंबईला गोदीत होता. मास्तरांकडून त्याला कार्ड लिहवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, की तू थोरला आहेस, मला काय विचारतोस, आणि लग्न कधी आहे, रजा टाकायची आहे. ते धाकटीनं वाचून दाखवलं आणि मोठी उठून बाहेर गेली.

माझ्या पोटाचं तर विचारू नका. तीन दिवस मी जेवायला बसायचो आणि लगेच टमरेल घेऊन किनाऱ्याकडे पळायचो. लोकांना वाटलं ही माझी नवी नक्कल आहे. एकानं तर मागून टाळ्या वाजवल्या.

मेलेल्यांची नावं खरं म्हणजे आमच्या धवलारणीला पाठ असायची. लग्नात धवले गाणारी बाई ती. देवांना बोलवून झालं की ती घरातल्या गेलेल्या माणसांनाही एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. पण आमची म्हातारी धवलारीण आदल्या पावसात वारली होती आणि तिच्या मागून आलेलीला आमच्या घरातलं आज्याच्या पुढचं एकही नाव येत नव्हतं. मी तिच्या दारातून उठलो. वाटेत माझ्या चुलतभावाच्या अंगणात पोरींनी बाहुलीचं लग्न मांडलं होतं. म्हातारी धवलारीण शेवटचं गायली ती ह्याच घरच्या लग्नात. पाच वर्षांची एक चिमुरडी डोक्यावर फडकं घेऊन, हुबेहूब त्या मेलेल्या धवलारणीसारखी नाकात गात होती. आणि गात काय होती, तर आमच्या मेलेल्यांची नावं. बा, आजा आणि त्याच्यापुढं एक नाव, जे मी जन्मात कान देऊन ऐकलं नव्हतं.

धाकटी तिथंच मातीत बसली. "परत म्हण बाय, हळू म्हण."

"बाहुली थांबलीय," चिमुरडी म्हणाली.

"थांबू दे तिला. आमची ताईपण थांबलीय."

चिमुरडीनं परत म्हटलं. पणज्याचं नाव आलं, त्याच्या बायकोचं आलं आणि मग आलं, "खालच्या खाडीतनं या, होडीतनं या, मांडवाला या."

खालच्या खाडीतनं. म्हणजे दक्षिणेकडून. म्हणजे सोयऱ्यांच्या अंगाकडून. धाकटीनं ते लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. नाव मिळालं म्हणून मी हसत होतो, ते हसू कुठं ठेवू ते मला कळेना.

घरी माझी आते होती, बापाची सख्खी बहीण. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, पण कुणाच्या टोपलीत किती पापलेटं होती ते वीस वर्षांनी सांगायची. तिला पहिल्याच दिवशी विचारायचं, ते मला सुचलं आत्ता.

"व्हय," आते म्हणाली. "माझा आजा खालून आला व्हता. होडीत बायको आणि एक शेळी. कुठल्या खाडीतनं ते त्यानं सांगितलं न्हाय आणि कुणी इचारलं न्हाय. भांडून आला असंल. सुखानं कोण शेळी घेऊन होडीत बसतो?"

"आते, मग आपण त्यांचेच असलो तर?"

"मला काय ठाव?"

मी भिंतीला टेकून खाली बसलो. बायको चुलीपाशी पळी ढवळायची थांबली.

धाकटीचं मात्र चालूच होतं. "आते, त्यांच्या दहाव्याला आपल्यातलं कोण गेलं व्हतं?"

"कुणी न्हाय."

"बाचे मोठे काका?"

"तो कवाच खाडीपलीकडं गेला न्हाय. त्याला होडी लागायची. कोळ्याच्या पोटी जन्मून."

"मधले?"

"त्याला टक्कल व्हतं. तो काय भादरणार?"

असं करत तिनं घरातले सगळे पुरुष मोजून काढले. मग पेन्सिल तोंडात घालून माझ्याकडे वळली.

"बा, तुझी ती फुकट हजामतीची गोष्ट हाय ना?"

"आता गोष्ट नको गं."

"त्यात पण तू तीन वेळा भात मागतोस."

ती गोष्ट मी गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितलेली. मुंबईला धक्क्यावर एक शेठ मरतो, न्हावी रांगेनं सगळ्यांची हजामत करतो, मी फुकट आहे म्हणून रांगेत बसतो, आणि वर जेवण मिळतं. लोक पोट धरून हसायचे. वीस वर्षं सांगत होतो. सांगून सांगून मलाच ती मुंबईत दिसायची, तो शेठ दिसायचा, त्याची सोन्याची बटणं दिसायची.

पण मुंबई नव्हती. शेठ नव्हता. मी अठराएक वर्षांचा असताना एका मचव्यावर सुकी मासळी घेऊन बाणकोटकडे गेलो होतो. वारा पडला म्हणून मधल्या एका खाडीत थांबलो. माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या, खाजवून खाजवून रक्त येत होतं. काठावर न्हावी दिसला, रांग दिसली, आणि उठणारा कुणी त्याला काही देत नव्हता. बसलो. एका माणसानं विचारलं, कुणाचा रे तू? मी बापाचं खरं नाव सांगितलं. जन्मात एकदाच कुणाला खरं सांगितलं, तेही असं.

मी हे सांगितलं आणि आते हळूच म्हणाली, "आणि वैनीच्या बांगड्या?"

माझी मान खाली गेली.

बायकोला हे माहीत नव्हतं. आतेनंच तिला सांगितलं. मी त्या भादरलेल्या डोक्यानं घरी आलो तेव्हा आई वाळवणीवर बोंबील उलटत होती. बा वरच्या दर्याला गेलेला, त्याला यायला दोन दिवस उशीर झालेला. आईनं थोरल्या मुलाला मुंडण करून किनाऱ्यानं येताना बघितलं. तिनं मला काही विचारलं नाही. दोन्ही हात दगडावर आपटले. बांगड्यांचे तुकडे बोंबलात पडले. बा दुसऱ्या दिवशी भरल्या मचव्यानं आला, धडधाकट. सगळा कोळीवाडा हसला, मी पण हसलो. आई हसली नाही. नवरा जिवंत असताना बांगड्या फोडलेली बाई म्हणून पुढं कितीतरी दिवस बायका तिला हळदीला बोलवायला बिचकायच्या. मग मी त्या गोष्टीतून आईला काढलं आणि गाव मुंबई केलं. तेव्हा ती गोष्ट हसण्याजोगी झाली.

बायकोनं पळी खाली ठेवली. "म्हणजे कुणी भाऊबंद न्हाय. तुम्हीच."

"मीच."

"मग जाऊन सांगा."

"सांगून कोण ऐकेल?"

"तेपण खरंच. दर्या खारट हाय असं तुम्ही सांगितलंत तर लोक चव घेऊन बघतील."

आणि समजा ऐकलं, तर? त्यांच्या घरच्या मयतात मी उवांसाठी बसलो, त्यांच्या दुःखाचा भात खाल्ला आणि वीस वर्षं त्यावर लोकांना हसवलं. असल्या माणसाची मुलगी ते का करतील? गप्प राहिलो तर भाऊबंद म्हणून सुपारी परत, बोललो तर बेशरम म्हणून परत. मी टमरेल घेऊन पळालो.

आठव्या दिवशी निघालो तेव्हा होडीत मी, धाकटी आणि आते. आतेला दोघांनी उचलून आत ठेवली. मोठी वाळवायच्या बांबूंवर, वलांडीवर, बोंबील टांगत होती. मी जवळून गेलो तशी ती मागं न वळता म्हणाली, "बा, तिथं कुणाला हसवू नको." आठ दिवसांत माझ्याशी एवढंच बोलली.

पाटलांच्या अंगणात सगळे बसले होते. नवऱ्यामुलाचा बाप, तो म्हातारा, आणखी पाच-सहा माणसं. मुलगा लांब उभा होता, जाळ्याची एकच गाठ परत परत सोडवत आणि बांधत. धाकटीनं कागद वाचला. एकही नाव चुकली नाही. त्यांच्याकडच्यांनी त्यांची नावं सांगितली. नावाला नाव जुळलं नाही, पण दोन्हीकडच्या पिढ्या पणज्यापाशी जाऊन थांबल्या. पुढं कुणालाच माहीत नव्हतं.

"मग राहिला तो दहाव्याचा माणूस," पाटील म्हणाले.

मी उभा राहिलो. "तो मी."

एक जण हसायलाच लागला. त्याचा दोष नाही, मी उभा राहिलो की लोक हसतात. मी सगळं सांगितलं, उवांपासून भातापर्यंत.

मुलाचा बाप म्हणाला, "व्याही, गोष्ट झ्याक जमलीय. पोरीसाठी माणूस काय काय जुळवतो."

तेव्हा आते बसल्या जागेवरून बोलली. बांगड्यांचं सांगितलं. कुठल्या दगडावर, कुठल्या हाताला किती लागलं, सगळं. बायका दारात जमल्या होत्या, त्यातल्या एकीनं नकळत स्वतःच्या मनगटावर हात ठेवला.

म्हातारा ऐकत होता. मग म्हणाला, "बांगड्या फुटल्या ते खरं असंल. तो माणूस तू असशील. पण तू दुःखानं आलास का भुकेनं, हे बांगड्या कुठं सांगतात? बापानंच धाडला नसंल कशावरनं? मला एवढंच सांग. पिंडाला कावळा कवा शिवला? कुठल्या अंगानं आला?"

माझ्या तोंडात चार उत्तरं तयार होती. माडावरून आला, होडीच्या काठीवरून आला, लंगडत आला, माझ्याकडे बघून डोळा मारला. लोकांना आवडलं असतं. माझी जीभ हललीसुद्धा. मग लांब तो मुलगा दिसला, गाठ सोडायची थांबवून माझ्याकडे बघणारा.

"मला ठाव न्हाय," मी म्हणालो. "मी कावळ्याकडं बघितलंच न्हाय. मी भाताच्या टोपाकडं बघत व्हतो."

कुणी हसलं नाही.

"ऊन डोक्यावर आलं तरी कावळा शिवत नव्हता," म्हातारा म्हणाला. "आम्ही पन्नास माणसं हात जोडून उभे. जो तो भावाला वचन देत व्हता. तुझ्या पोरी सांभाळतो, तुझी होडी सांभाळतो. रांगणाऱ्या पोराला पण कडेवर घेऊन दाखवत व्हते, बघ, आजा येतोय बघ. आणि हा टोपाकडं बघत व्हता."

"म्हणजे, म्हातारबा?" पाटलांनी विचारलं.

"म्हणजे हा आमच्यातला न्हाय. आमच्यातला कितीपण नालायक असू दे, त्या वक्ताला दुसरीकडं बघणार न्हाय."

मी खाली बसलो. पण मुलाच्या बापाचं तोंड लाल झालं होतं. "आणि असल्याची पोरगी आपण घरात आणायची?"

"पोरगी कुणावर गेलीय?" म्हाताऱ्यानं आतेला विचारलं.

"आईवर," आते म्हणाली. "बापावर गेली असती तर मीच तुम्हाला नको म्हटलं असतं."

आता मात्र हसले. मी सोडून सगळे. म्हातारा हसला नाही. "उपाशी पोर व्हतं, जेवलं," तो म्हणाला. "भावाला राग आला नसंल. मला आलाय. तो मी लग्न झाल्यावर काढीन." मुलाच्या बापानं पाटलांकडे बघून होकाराची मान हलवली.

परतीला वारा चांगला होता. धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मला मात्र शांत बसवेना.

"आते," मी म्हणालो, "पण पणजा नेमका कुठल्या खाडीतनं आला असंल गं?"

"आता इचारतोस?" आते म्हणाली. "गप बस."

गप बसलो. अजून बसलोय. नातवंडं अंगणात खेळतात तेव्हा कधी कधी त्यांची तोंडं निरखत बसतो, आणि कशासाठी ते बायकोला सांगत नाही.

आमचा किनारा दिसायला लागला तेव्हा ओहोटी होती. होडी लांबच थांबली. मोठी कमरेइतक्या पाण्यात येऊन उभी होती, कधीची ते माहीत नाही. मी हात वर केला, तोंडभर हसलो, ओरडलोपण, "झालं! झालं!" तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडावरून तिला काय कळणार होतं? ती पाणी कापत होडीला येऊन भिडली आणि आतेच्या तोंडाकडे बघत राहिली.

आतेला नीट दिसत नव्हतं. तिनं हातानं चाचपून मोठीचा गाल शोधला.

"जा बाय," ती म्हणाली. "जातं धुऊन ठेव. हळद दळायची हाय."